घराचा खरा मासिक खर्च लेखी द्या

महोदय,
गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत फक्त कर्जाचा हप्ता ठळक असतो. २५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये बसतो. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स आणि महापालिकेचा मिळकतकर येतो, त्याचा उल्लेखही नसतो. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्याला या करात ४० टक्के सवलत आहे, पण त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. नव्या घरमालकाला हे सांगणार कोण? प्रधानमंत्री आवास योजना-शहरी २.० चे व्याज अनुदानही जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक टप्प्यांत कर्जखात्यात जमा होते. पहिल्या महिन्यापासून हप्ता हलका होत नाही. कर्ज मंजूर करतानाच बँकांनी हा पूर्ण हिशेब लेखी द्यावा, असा नियम रिझर्व्ह बँकेने करावा.

- एक वाचक, पुणे