वृद्धसेवेचे प्रशिक्षण तालुक्यातच मिळावे

माननीय संपादक,
स. न.

गौरीगणपती आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की माझ्यासारख्या निवृत्त परिचारिकेकडे एकाच प्रकारचे फोन सुरू होतात : “सिस्टर, आईजवळ राहायला कोणी बाई मिळेल का?” आठ दिवस घरात काढल्यावर मुलांच्या लक्षात आलेले असते की आईला आता बावीचे (विहिरीचे) पाणी ओढवत नाही, वडील रात्री दार उघडून खळ्यात जाऊन उभे राहतात आणि गोळ्यांच्या पट्ट्या डब्यात तशाच पडून आहेत. बाई पगार किती घेईल, स्वयंपाक करील का, रात्री राहील का, हे सगळे मला विचारले जाते. तिला या कामाचे काही शिक्षण आहे का, हा प्रश्न ग्रामीण रुग्णालयातील ३१ वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही मी क्वचितच ऐकला आहे. आणि कोणी विचारला असता, तरी ‘हो’ म्हणून सांगता येईल अशी एकही बाई माझ्या माहितीत नव्हती. या उणिवेकडे आपल्या दैनिकातून लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये सुमारे १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गातही ती घटली. रत्नागिरीत त्या वेळी दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या. कमावते हात मुंबई-पुण्याला आणि घर सांभाळायला मागे राहिलेली म्हातारी माणसे, हे कोकणचे चित्र नवे नाही. पूर्वी मात्र त्याच घरात एखादी सून, विधवा आत्या किंवा शेजारची लेक असे. आता घरेच्या घरे दोन माणसांवर आली आहेत आणि त्यातले एक अंथरुणाला खिळले, की दुसऱ्याच्या हातून काही होत नाही. मग वाडीतलीच, एरवी आंब्याच्या बागेत किंवा काजूच्या कारखान्यात कामाला जाणारी एखादी बाई सोबतीला ठेवली जाते.

या बायका माया करतात, याविषयी माझ्या मनात शंका नाही. माझ्या मामीचेच सांगते. अर्धांगवायूने तिची उजवी बाजू गेली, तेव्हा वाडीतली जी बाई तिच्याजवळ राहिली, तिने केले तेवढे पोटच्या मुलीनेही केले नसते. उठून बसताना मामीला त्रास होतो म्हणून ती तिला आडवी ठेवूनच उकड्या तांदळाची पेज चमच्याने भरवी. अर्धांगवायूच्या रुग्णाचे गिळणे पुष्कळदा बिघडलेले असते, अशा वेळी पातळ पदार्थ दाट पदार्थापेक्षा अधिक धोक्याचा असतो, तो श्वासनलिकेत उतरू शकतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मामी खाताना ठसके, खाऊन झाल्यावर तिचा आवाज ओला, घरघरता येई. ही धोक्याची खूण होती, पण “पेज लागली असेल” म्हणून पाठीवरून हात फिरवला जाई. पुढे ताप आला, न्यूमोनिया झाला, रुग्णालयात न्यावे लागले. उठवताना लुळ्या हाताला धरून ओढल्यामुळे दुखावलेला खांदा तर तिला शेवटपर्यंत छळत राहिला. मी तेव्हा नोकरीत होते, दर रविवारी जात असे, मामीचा रक्तदाब पाहत असे. त्या बाईला शेजारी बसवून चार गोष्टी शिकवाव्यात हे मला सुचले नाही, याची खंत आजही वाटते.

वास्तविक शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सातवी-आठवी झालेल्या बाईलाही नीट समजते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची. माकडहाड, टाचा, खुबे रोज उजेडात पाहायचे आणि तिथली त्वचा लाल होऊन दाबल्यावरही लाली जात नसेल, तर पाठीला जखम होण्याआधीच कळवायचे. भरवताना माणूस सरळ बसलेला हवा आणि जेवणानंतरही अर्धा तास त्याला आडवे करायचे नाही. लघवीच्या नळीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवायची. मधुमेही माणसाला दरदरून घाम आला, तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरली असल्याची शंका घ्यायची. चादर धरून दोघींनी माणूस वर कसा सरकवायचा, हेही शिकावे लागते, नाहीतर चाळिशीतच त्या बाईची स्वतःची कंबर जाते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा आपल्याच पडवीत बसून “मला घरी जायचे आहे” असा हट्ट धरतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. अशा माणसाला वेड लागले असे म्हणून दाराला कडी घातलेली मी पाहिली आहे. आंघोळ घालताना आडोसा करणे, कपडे काढण्यापूर्वी विचारणे, हाही या शिक्षणाचाच भाग आहे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे काय करायचे नाही हे तिला ठाऊक हवे : इंजेक्शन देणे, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करणे, हे तिचे काम नव्हे आणि घरच्यांनीही ते तिच्यावर टाकू नये.

शासनाकडे अभ्यासक्रम नाहीत, असे नाही. आरोग्य क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ आणि ‘होम हेल्थ एड’ यांसारखे अभ्यासक्रम आखलेले आहेत. परंतु रुग्णालयातील वॉर्ड डोळ्यांपुढे ठेवून शिकवलेली मुलगी आमच्या घरात आली की गोंधळते. येथे कळ फिरवून डोके उंच करता येणारी खाट नसते. उशाकडच्या पायांखाली चिरे ठेवून लाकडी पलंग उंच करावा लागतो. शौचालय घराबाहेर असते, चिऱ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते, वीज दोन दोन दिवस येत नाही आणि १०८ ची रुग्णवाहिका जिथपर्यंत येते तिथून घर अजून पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची पायवाट, उतरून खाली असते. ही परिस्थिती गृहीत धरून शिकवले पाहिजे, आणि ते शिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, ग्रामीण रुग्णालयात काही आठवडे व नंतर प्रत्यक्ष घरी, एखाद्या जाणत्या परिचारिकेच्या देखरेखीखाली झाले पाहिजे. ब्रिटनमध्ये २०१५ पासून काळजीसेवेत नव्याने येणाऱ्यांसाठी ‘केअर सर्टिफिकेट’ आहे, त्यातही केवळ वर्गातील धड्यांवर न थांबता प्रत्यक्ष काम करताना उमेदवाराची पारख केली जाते. एवढी एक गोष्ट आपण जरूर उचलावी. (याच संदर्भात तरुणांना सांगावेसे वाटते की परदेशातून नवे केअर वर्कर बोलावण्याची वाट ब्रिटनने जुलै २०२५ पासून बंद केली आहे. त्या नोकरीचे आमिष दाखवणाऱ्या दलालाला कर्ज काढून पैसे देऊ नयेत.)

वेळेचाही विचार व्हावा. जून-जुलैत लावणी, नंतर कापणी, मार्चपासून आंबा-काजू. या दिवसांत ठेवलेल्या वर्गाला बायका येणार नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्यातल्या त्यात मोकळा असतो. तेव्हाही मजुरी बुडते, म्हणून प्रशिक्षणकाळात विद्यावेतन द्यावे. ज्या बायका वर्षानुवर्षे हे काम करत आहेत त्यांना पहिलीच्या वर्गात बसवण्याची गरज नाही. अनुभवी कामगाराची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची जी सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे, तिचा लाभ त्यांना घरकाम समजल्या जाणाऱ्या या कामासाठी मिळावा. मुलगेही या कामात हवेत, कारण धिप्पाड पुरुषाला उचलणे एकट्या बाईला झेपत नाही आणि परक्या बाईकडून आंघोळ घालून घेताना आजोबांनाही संकोच होतो. प्रमाणपत्र आले की दर ठरवताना बोलायला आधार मिळतो, आठवड्याची सुट्टी मागता येते, आणि पुरेसे शिक्षण असलेल्या मुलीला पुढे नर्सिंगकडे जाण्याची उमेद येते. आज चोवीस तास घरात राहणाऱ्या बाईला मिळणारी रक्कम आणि तिची झोपमोड यांचा मेळ बसत नाही, हे सांगताना मला आमच्याच समाजाची लाज वाटते.

मामीजवळ राहिलेली ती बाई आता शेजारच्या गावात एका आजींना सांभाळते. गेल्या महिन्यात दोन दुपारी तिथे जाऊन मी तिला भरवणे, कूस बदलणे, वहीत नोंद ठेवणे हे सगळे करून दाखवले. तिने एकदाच पाहून सारे बिनचूक करून दाखवले आणि निघताना मला विचारले, “शिस्टर, याचा कायतरी कागद मिलंल का?” तो कागद देण्याचा अधिकार मला नाही. ज्यांना आहे त्यांच्यापर्यंत तिचा प्रश्न पोहोचावा, एवढ्यासाठी हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी