आई-बाबा, घर निगडीला बघितलंय

वाकड, पुणे
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

फोनवर मी घराचा विषय काढला की बाबा "पावसाळा सरू दे, मग बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. आई विचारते, छोटीचा खोकला गेला का. मग दहा मिनिटं खोकल्यातच जातात. म्हणून आज लिहायला बसले. सगळं सांगते, तुम्ही सावकाश वाचा, हवं तर दोन दिवसांनी पुन्हा वाचा.

निगडी प्राधिकरणात मी घर नक्की करत आणलंय. आमच्यासाठी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि त्याच गल्लीत चार घरं सोडून एका बंगल्याचा तळमजला, तुम्हा दोघांसाठी. तो भाड्याने, अकरा महिन्यांच्या करारावर. वाईचं घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. कुलूप लावून किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायची. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना बाबांचा जीव तिकडे अडकणार नाही.

गेल्या श्रावणात आई परसात घसरली, तेव्हा मला फोन आला रात्री पावणेअकराला. आम्ही लगेच निघालो. खंबाटकीच्या घाटात ट्रक बंद पडलेला, गाड्यांची रांग लागलेली. साताऱ्याच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. तोवर शेजारच्या काकांनी एक्स-रे, प्लास्टर, पैसे भरणं, सगळं उरकलं होतं. आई, मला बघून तू म्हणालीस, "एवढ्या रात्री कशाला आलात, पोरीची झोपमोड झाली." मी गप्प बसले. पण काकाही आता सत्तरीला आलेत. पुढच्या वेळी त्यांनाच कोणाला तरी न्यावं लागलं तर?

प्लास्टर निघाल्यावर तुम्ही दोघं इथे बारा दिवस होतात. आईला तसंही हिंडायचं नव्हतं. बाबा, तुम्ही दिवसभर नवव्या मजल्याच्या गॅलरीत उभे असायचात. मला वाटायचं, वरून बघायला आवडतंय. तुम्ही परत गेल्यावर आठवड्याने खालच्या वॉचमनने सांगितलं, "आजोबा एकदा समोरच्या दुकानातून सुतळी आणायला निघाले होते. वीस-पंचवीस मिनिटं कडेला उभे राहिले, गाड्या थांबेचनात, मग परत वर गेले." मी गाडीत बसून रडले. ज्या माणसाने तहसीलच्या नोकरीत सगळा तालुका सायकलने पालथा घातला, त्याला माझ्या दारापुढचा रस्ता ओलांडता आला नाही. आणि ते तुम्ही मला सांगितलंही नाहीत.

त्या दिवसापासून माझी घर बघायची रीतच बदलली. त्याआधी मी ऑफिस किती लांब, पार्किंग किती, छोटीची शाळा कुठली, एवढंच विचारत होते. आता कुठेही गेले की आधी घर बघत नाही. फाटकाबाहेर पडते आणि आईच्या चालीने चालते. वाणी, औषधाचं दुकान, भाजी, देऊळ, बसथांबा, बसायला बाक. किती मिनिटं लागतात आणि वाटेत किती वेळा जीव मुठीत धरावा लागतो, ते वहीत लिहिते. सात महिन्यांचे रविवार यात गेले. तुमच्या जावयांनी एकदाही कुरकुर केली नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवते.

बाबा, तुमचं म्हणणं होतं सिंहगड रस्ता बघ, म्हणजे साताऱ्याकडे तोंड राहील. मी धायरी, नांदेड फाटा, किरकटवाडी सगळीकडे दोनदोनदा जाऊन आले. पण २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि एकतानगरीत घराघरांत मुठेचं पाणी शिरलं, लोकांना होड्यांतून बाहेर काढलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात जीबीएसची साथ आली. हातापायातली ताकदच जाते त्या आजारात, आणि संशय पिण्याच्या पाण्यावरच होता. सगळा सिंहगड रस्ता वाईट, असं मी म्हणत नाही. उंचावरच्या सोसायट्यांत माझ्याच दोन मैत्रिणी सुखाने राहतात. पण १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि तुमच्या आत्याचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड वाहून गेलं, ते तुम्ही आम्हाला लहानपणापासून सांगत आलात. नदीकाठ मला नको वाटला.

वाघोली स्वस्त होती. २०२१ साली २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यात ती आली. पण मी ज्या सोसायटीत गेले तिथे अजून टँकरनेच पाणी येतं. सकाळी सात वाजता फाटकाशी तीन टँकर उभे होते. महिन्याच्या मेंटेनन्समध्ये निम्मा खर्च पाण्याचा, असं तिथल्या सेक्रेटरींनी सांगितलं. तिथून आम्ही चहा न घेताच निघालो.

रावेत-पुनावळ्याचा मोह मात्र मोठा होता. नव्या इमारती, बाग, तरणतलाव, छोटी तर तिथेच राहू म्हणून हट्ट धरून बसली. एका ठिकाणी एजंट म्हणाला, ताबा याच डिसेंबरात. घरी येऊन बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंद ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला, तर नोंदवलेली पूर्णत्वाची तारीख दोन वर्षांनंतरची. तरीही मी तिथे चालून बघितलं. फाटकाबाहेर पदपथ नाही. खडी, डंपर, आणि संध्याकाळी गाड्यांची अशी रांग की माणसाला पाय ठेवायला जागा नाही. वीस मजले आधी उभे राहिले, रस्ता अजून यायचाच आहे. तिथे बाबा पुन्हा गॅलरीतच उभे राहिले असते.

तळेगावबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिथे माझा जीव अडकला होता. स्टेशनवर उतरल्या उतरल्या हवा वेगळी लागते. पावसात चारी बाजूंना मावळाची खाचरं. टिळकांच्या काळात लोकांनी पैसा-पैसा गोळा करून काढलेला पैसा फंडाचा काच कारखाना याच गावातला. बाबांनी मला तो शाळेत असताना सांगितला होता. जुन्या गावात दोन घरं बघितली, एकात तर आडही होता. आई, तुला ते घर इतकं आवडलं असतं! पण लोणावळा लोकल दुपारच्या वेळी फार विरळ, आणि चाकणकडे जाणारा रस्ता कंटेनरच्या गाड्यांनी भरलेला. भर दुपारी तुमच्यापैकी कोणाला बरं वाटेनासं झालं, तर मला हिंजवडीहून पोचायला दीड तासही लागेल. मग वाई आणि तळेगाव यांत फरक काय राहिला? दोन रात्री झोप लागली नाही, मग तळेगाव वहीतून काढलं.

निगडीला मी खरं तर नाइलाजाने गेले होते. जुना भाग, जुन्या इमारती, असंच मनात होतं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत येणाऱ्या लोकांना घरं मिळावीत म्हणून १९७२ साली तिथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. आधी सेक्टर आखले, रस्ते केले, झाडं लावली, मग घरं आली. पन्नास वर्षांनी त्याचा उपयोग आपल्याला होतोय. रस्त्याला पदपथ आहे. झाडं इतकी वाढलीत की दुपारी एक वाजताही मी सावलीतून चालले. त्या तळमजल्याच्या दारापासून आईच्या चालीने वाणी चार मिनिटं, औषधाचं दुकान सहा, गणपतीचं देऊळ सात, भाजी अकरा. रस्ता एकच ओलांडायचा, तोही अरुंद. बागेत सकाळी ज्येष्ठ नागरिकांचा घोळका बसलेला असतो. मी त्यांच्यातल्या एका आजोबांना विचारलं, इथे करमतं का? ते मूळचे कराडचे निघाले. बाबा, त्यांनी मला अर्धा तास सोडलं नाही.

आई, तुझ्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली होती. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की पहिला मुक्काम आकुर्डीला, विठ्ठल मंदिरात. आपल्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ. माऊलींची पालखी बघायला तू दर वर्षी लोणंदला जायचीस, गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं गेली नाहीस. आता तुकोबा तुझ्या वाटेवर येतील.

पाण्याबद्दल काही लपवत नाही. पिंपरी-चिंचवडला नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे. पवना धरणातून पाणी नदीत सोडतात, रावेतच्या बंधाऱ्याजवळ उचलतात आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध करतात. धरणापासून थेट बंद जलवाहिनी टाकायची योजना होती. तिच्या विरोधात ९ ऑगस्ट २०११ ला मावळातले शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, तीन माणसं गेली. तेव्हा तुम्ही दोन दिवस नीट जेवला नव्हतात, बाबा, मला आठवतंय. ते पाणी आपण पिणार आहोत, याची जाणीव मला आहे. बंगल्याला जमिनीखाली टाकी आहे, वर टाकी आहे, घरमालकांनी झाकण उघडून दाखवली. दोन माणसांना अडचण येणार नाही.

आमचा फ्लॅट चोवीस वर्षांचा आहे. लिफ्ट नाही, स्वयंपाकघर लहान, एका भिंतीला ओल. हिंजवडीला जायला मला आत्तापेक्षा रोज अर्धा तास जास्त लागेल, पण तुमच्या जावयांना चाकणला कामावर जायला जवळ पडेल. व्यवहार माझ्या नावावर करतोय, कारण महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. आणि इथे तुमची गरज लागणार आहे, बाबा. प्राधिकरणाची जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते, हस्तांतरणाला परवानगी लागते, आणि प्राधिकरण स्वतः २०२१ मध्ये पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, विलीन झालं. भोगवटा प्रमाणपत्र आहे, मूळ भाडेपट्टा आहे, आधीच्या दोन खरेदीखतांच्या प्रती आहेत. वकिलांनी बघितलंय. तरी तुमच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय मी सही करणार नाही.

आता तुम्ही जे बोलत नाही, त्याबद्दल. धाकटा बंगळुरूऐवजी पुण्यात असता, तर तुम्ही त्याच्याकडे यायला एवढे अडखळला नसतात. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, असं आजी म्हणायची, आणि ते तुमच्या हाडीमाशी खिळलंय. मला त्याचा राग नाही, पण दुखतं. म्हणूनच तुमचं घर वेगळं बघितलं. दारावर तुमच्या नावाची पाटी असेल. भाडं तुम्ही पेन्शनमधून द्या, मी एका शब्दानेही अडवणार नाही. गॅस तुमचा, देवघर तुमचं, आईच्या हातचं पिठलं खायला मी तुमच्या घरी येणार. मला रात्री फोन वाजल्यावर चपला घालून चार घरं चालत यायचंय, बाबा. एवढंच मागते आहे. खंबाटकी मध्ये नको.

आणि वाई सुटत नाही. स्वारगेटला स्टँडजवळच मेट्रो आहे, तिथून सप्टेंबर २०२४ पासून सरळ पिंपरीला महापालिकेपर्यंत येता येतं. पुढे निगडीला बस मिळते, आणि मेट्रोही भक्ती-शक्ती चौकापर्यंत न्यायचं काम चालू आहे. एसटीत आईला अर्धं तिकीट आहेच. बाबांना पुढच्या वर्षी पंच्याहत्तर पूर्ण झाली की प्रवास मोफत. कृष्णामाईच्या उत्सवाला जा, आंब्यांच्या दिवसांत महिनाभर राहा. अकरा महिन्यांनी नाहीच रमलात, तर मी स्वतः सामान वाईला पोचवीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही.

येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने या. मी स्वारगेटला उभी असेन, आपण मेट्रोनेच जाऊ. बाबा, कागद फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेत, वाचायचा चष्मा आणि भिंग आणा. आई, तू काठी आण. मी तुझी चाल अंदाजाने चालले होते, भाजीपर्यंतची अकरा मिनिटं मला तुझ्याबरोबर पुन्हा मोजायची आहेत.

तुमची,
ताई