एफडी मोडू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा आंब्याच्या कलमांवर घसरतात, म्हणून लिहितेय. फिल्ममेकिंगच्या कोर्सला मी जात नाहीये. फी भरलेलीच नाही, तेव्हा बुडालं काही नाही. बाबा, रागावू नका. एफडी मोडायची तयारी तुम्ही मायेनंच दाखवलीत, कळतं मला. पण ते पैसे आधी तुमच्या मोतीबिंदूचे. नोकरीही सोडलेली नाही, बिनपगारी रजा टाकलीय. मार्गशीर्षात देवगडला येते आणि आपल्या घरातच, फोनच्या कॅमेऱ्यावर शूटिंग करत शिकते. ट्रायपॉड, कॉलरचा माइक, एक फिल्टर, एवढंच सामान. फाळक्यांनीसुद्धा १९१२ साली कुंडीतलं वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं आणि तेवढं दाखवून भांडवल उभं केलं. फिल्मच्या कडेला भोकं पाडायला घरच्याच, त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या.

पहिला धडा आईचे घावणे. समोरून उजेड आला तर वाफ दिसतच नाही. उजेड मागून आणि वाफेच्या पाठी काळोख लागतो. म्हणून शेगडी पूर्वेच्या खिडकीपुढे तिरकी ठेवू. फ्रेममध्ये खिडकी येऊ द्यायची नाही, काळवंडलेली चिऱ्याची भिंत घ्यायची. मग आईचा चेहरा अंधारात जाईल, तर बाबांनी थर्माकोलची शीट धरून खिडकीचा उजेड तिच्यावर परतवायचा. बसून धरा, खुर्ची देते. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) लॉक करायचं, नाहीतर आईचा हात पुढे आला की फोन मनानंच उजेड कमी-जास्त करतो आणि लाल चिरा बघून सगळं निळसर करून टाकतो.

मोठे दिवे नाहीत, बिल वाढणार नाही. पण संध्याकाळी ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड, हेच हवं. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५० मध्ये प्रत्येक फ्रेमला दोन पूर्ण लुकलुकी मिळतात. १/६० ठेवलं की पडद्यावर पट्टे दिसायला लागतात. कातळाच्या सड्यावर दुपारी तेच शटर ठेवलं तर चित्र पांढरं पडेल, कारण फोनचं छिद्र लहान करता येत नाही. त्यासाठी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर, ऑपरेशननंतर बाबांना मिळेल त्या काळ्या गॉगलसारखाच.

खरा घोळ आवाजात होतो. चित्र थोडं डावं-उजवं झालं तर लोक चालवून घेतात, शब्द कळला नाही की उठून जातात. आई, त्या दिवशी सुती साडी नेस, सिंथेटिक साडी माइकवर खसखसते. माइक हनुवटीखाली एक वीत, मंगळसूत्र आपटणार नाही असा लावू. बांगड्या काढ म्हणत नाही, दोन कमी घाल. पंखा आणि फ्रीज रेकॉर्डिंगपुरते बंद. फ्रीज परत लावायला विसरणार नाही: स्कूटरची चावी आतच ठेवते, ती घेतल्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. शेवटी सगळ्यांनी अर्धा मिनिट गप्प बसायचं, नुसती समुद्राची गाज रेकॉर्ड करायची. दोन तुकडे जोडताना मागचा आवाज तुटतो, तिथे ती खाली अंथरता येते. बाबा, अर्धा मिनिट म्हणजे खोकलासुद्धा नाही हां.

मोहोरावर फवारणी कधी आहे तेही कळवा. तो पंप दोन बागांपलीकडून माइकात येतो. त्या दिवशी बोलण्याचं काही घेणार नाही. दुपारची झोप मात्र कुणी मोडणार नाही, शपथ.

आता ऐका. ऑपरेशन मी यायच्या आधीच करून घ्या, म्हणजे डोळ्यांत थेंब घालायला मी असेन. तोवर शिडीवर चढायचं नाही, बीपीची गोळी सकाळीच घ्यायची. आई, तू लक्ष ठेव, आणि गुडघ्याला तेल लावून घे, रोज. तारीख मिळाली की डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवा. फोनवर बाबा सांगतात त्यातलं निम्मंच खरं असतं.

तुमची,
बाळी