दिवा लागला कधी, हे आधी विचारा

माननीय संपादक,
स. न.

इंधन भरून ट्रक बाहेर पडला आणि ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागला, की दोन सल्ले हमखास मिळतात. टाकीचे झाकण घट्ट करा, नाहीतर स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, पुसून टाका. पहिला सल्ला अर्धाच खरा आहे आणि दुसरा नुकसान करणारा, म्हणून हे पत्र.

झाकणाचा आणि या दिव्याचा संबंध पेट्रोलच्या गाड्यांपुरता. त्यांच्या टाकीतली वाफ कोळशाच्या कॅनिस्टरमध्ये (डब्यात) साठते आणि पर्ज व्हॉल्व्ह या विजेवर उघडणाऱ्या झडपेतून इंजिनात ओढली जाते. ही वाट हवाबंद आहे का, हे गाडीचा संगणक तपासतो. पण इंजिन काही तास थंड राहिल्यावर आणि टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच. शिवाय बहुतेक गाड्यांत लागोपाठ दोन तपासण्यांत गळती दिसल्याशिवाय दिवा लागत नाही. त्यामुळे सैल झाकणाचा दिवा सहसा एक-दोन दिवसांनी लागतो. पंपावरून निघाल्यावर पाचव्या किलोमीटरला लागला, तर संशय दुसरीकडे न्यावा.

कोड वाफेच्या गळतीचा, म्हणजे पी०४५५ किंवा पी०४५७ असेल तर झाकणाच्या रबरी वॉशरला भेग आहे का, टाकीच्या तोंडाच्या कडेवर गंज वा माती बसली आहे का, ते पाहा. पुसून झाकण ‘कट-कट’ वाजेपर्यंत फिरवा. दिवा तिथल्या तिथे विझणार नाही. पुढच्या तीन तपासण्या सलग चांगल्या निघाल्या की आपोआप विझतो. तोवर नवा भाग विकत घेण्याची घाई नको.

टाकी भरल्यावरच इंजिन चालू व्हायला त्रास देते, थरथरते आणि मिनिटभरात सुरळीत होते, हे लक्षण मात्र पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकल्याचे. भरताना कॅनिस्टरमध्ये ढकललेली वाफ तो सरळ इंजिनात सोडतो. कोड बहुधा पी०४९६ (वाफेचा जास्त प्रवाह), कधी पी०१७२ (मिश्रणात इंधन जास्त). परीक्षा सोपी आहे: इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि त्यात फुंका. वीज जोडलेली नसताना हवा आरपार जाता कामा नये. यामागे अनेकदा एक वाईट सवय असते. नोझल आपोआप बंद झाल्यावरही थोडे-थोडे पेट्रोल भरत राहिले की ते द्रवरूपात कॅनिस्टरमध्ये शिरते, कोळशाचे कण सुटतात आणि व्हॉल्व्हमध्ये अडकतात. मग नुसता व्हॉल्व्ह बदलून भागत नाही, कॅनिस्टरही पाहावा लागतो.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी थांबवावी. सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळू शकतो.

डिझेल ट्रकला वाफेची ही यंत्रणाच नसते, तिथे झाकण आवळून काय साधणार? इंधन भरल्यावर लगेच शक्ती कमी झाली आणि पी००८७ आला, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या रेल या नळीतला दाब पडला, तर आधी वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या भांड्याच्या) तळाचा नळ सोडून थोडे डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटे स्थिर ठेवा. डिझेलमध्ये पाणी असेल तर ते खाली बसेल, वरचे डिझेल गढूळ दिसेल. फिल्टर बदलल्यावर हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. स्टार्टर फिरवत राहिल्याने बॅटरी उतरते आणि कोरड्या पंपाची झीज होते.

डिझेलचा धूर शुद्ध करण्यासाठी ज्या ट्रकमध्ये युरियाची वेगळी टाकी असते, तिचेही तसेच. युरियाचे द्रावण ३२.५ टक्क्यांचे लागते, ते रिफ्रॅक्टोमीटर या द्रावणाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणावर तपासता येते. शेतीचा युरिया पाण्यात कालवून भरला तर त्यातली अशुद्धी धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक खराब करते. द्रावणाच्या दर्जाविषयीचा कोड पी२०७एफ. डिझेलच्या टाकीत युरिया किंवा युरियाच्या टाकीत डिझेल गेले, तर किल्लीसुद्धा फिरवू नका. अनेक गाड्यांत तेवढ्यानेच पंप चालू होतो आणि चुकीचा द्रव पुढच्या नळ्यांत जातो. आधी टाकी रिकामी करायची. २४ व्होल्टच्या जड ट्रकला मोटारीचा १२ व्होल्टचा स्वस्त रीडर लावू नये. तिथे बहुतेकदा पी-कोडऐवजी एसपीएन (कुठल्या भागात बिघाड) आणि एफएमआय (बिघाडाचा प्रकार) असे दोन आकडे मिळतात, ते दोन्ही लिहून घ्यावेत.

आता पुसण्याविषयी. कोड नोंदवला गेला त्या क्षणीचा वेग, इंजिनाचे फेरे, तापमान, भार हे सारे संगणक ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये जपतो. कोड पुसला की हा पुरावा जातो, बिघाड मात्र राहतो. म्हणून दुरुस्तीगृहांना आमची विनंती आहे की कोड पुसण्यापूर्वी त्याचा क्रमांक आणि फ्रीझ फ्रेममधले आकडे बिलावर लिहून द्यावेत. ट्रकमालकांनीही ते मागून घ्यावेत आणि त्यासोबत इंधनाची पावती जपून ठेवावी.

– वाहन दुरुस्ती क्षेत्रातील काही तंत्रज्ञ