तुमचं झाकायला एक दिवस, आमचं झाकायला अठरा महिने

प्रति,
माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

विषय: कोर्टाचे निकाल दाखवणाऱ्या साइटवरून माझं नाव-पत्ता काढण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. पत्राखाली नाव घातलेलं नाही, कारण पुढे कळेलच. आपण कामात असता, म्हणून सरळ मुद्द्यावर येते.

गेल्या आठवड्यात माझं जमत आलेलं लग्न मोडलं. मुलगा नागपूरचा. पत्रिकेत 36 पैकी 28 गुण, देण्याघेण्याचा विषय नाही, इकडे आईनं साखरपुड्यासाठी हॉलची चौकशीही सुरू केलेली. मग मुलाच्या मामांनी बाबांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक स्क्रीनशॉट टाकला आणि खाली विचारलं, ‘हे आपल्याच घरचं का?’ संध्याकाळी निरोप आला की पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, नाडी जुळत नाही.

स्क्रीनशॉट म्हणजे हायकोर्टाच्या एका आदेशाचं पहिलं पान, खासगी साइटवरचं. अर्जदार क्रमांक 4 ती मी. वडिलांचं नाव, वय, घर क्रमांकासकट पत्ता, आणि व्यवसायासमोर ‘काही नाही’. मी तेव्हा मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते, पण वकिलाच्या मुन्शीला तेवढं कोण सांगणार?

गुन्हा काय, तर मी नणंद होते. दादाचा संसार मोडला, वहिनीनं 498अ, म्हणजे सासरच्या छळाचं कलम, लावलं, आणि नवरा, सासू, सासरे या रांगेत नणंदही बसली. पुढे समेट झाला, संमतीनं घटस्फोट झाला, हायकोर्टानं एफआयआर रद्द केली. पण ते रद्द झाल्याचं शेवटच्या पानावर. त्याआधीची पानं भरून मी वहिनीला कसं उपाशी ठेवलं, तिचे दागिने कसे दडवले, हे एफआयआरमधून उचलून ठेवलंय. स्थळाकडची माणसं शेवटच्या पानापर्यंत जात नाहीत. नोकरीवाल्यांचंही तेच. एका कंपनीनं ‘बॅकग्राउंड चेक’ झाल्यावर फोन उचलणंच बंद केलं.

आणि वहिनीचं तरी काय राखलंय? तिच्या गर्भपाताचा महिनासुद्धा त्या पानांवर आहे. इतक्या वर्षांनी परवा तिचाच फोन आला, ‘अगं, हे काढता येतं का?’ ज्या दोघी एकमेकींचं तोंड बघत नव्हतो, त्या आता एकाच साइटला ईमेल लिहितोय. समुपदेशकाला जमलं नाही ते तुमच्या डिजिटल इंडियानं करून दाखवलं, त्याबद्दल आभार.

साइटवाले म्हणतात, कोर्टाचा आदेश आणा. सर्च इंजिनवाले म्हणतात, मूळ पान काढायला सांगा. वकील म्हणतात, हायकोर्टात रिट याचिका लावू. म्हणजे नाव काढण्याच्या अर्जावर पुन्हा माझ्याच नावानं नवा आदेश निघणार आणि तोही त्याच साइटवर चढणार. नाव झाका अशी त्यात आणखी वेगळी विनंती करायची, ती मान्य झाली तर झाली. एका सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. ‘विषय न्यायालयीन असल्याने’ बंद. वर विचारलं, आपण समाधानी आहात का? तारे द्या.

कायदा नाही असंही नाही. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम 22 तर 1955 पासून आहे: घटस्फोटाचं कामकाज बंद दाराआड चालेल, छापायचं नाही. छापलं तर दंड किती? एक हजार रुपयांपर्यंत. आणि त्याच भांडणातून निघालेला फौजदारी खटला मात्र या कलमात बसतच नाही, तो खुशाल छापा. केरळ हायकोर्टानं डिसेंबर 2022 मध्ये कौटुंबिक खटल्यांतली नावं झाकायला वाट दिली. मद्रास हायकोर्टानं फेब्रुवारी 2024 मध्ये निर्दोष सुटलेल्या माणसाचं नाव झाकण्याच्या बाजूनं निकाल दिला, जुलैत सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली. गुजरात हायकोर्टानं 2017 मध्येच नाही म्हटलं होतं. म्हणजे अब्रू कुठल्या राज्यात राहते, यावर सगळं.

आता तुमचा कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण, 2023. कलम 12 मध्ये माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, वाचून मी पेढे वाटायचे बाकी ठेवले होते. नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि त्यात हा हक्क अठरा महिन्यांनी लागू होणार म्हणे. शिवाय कायद्यानं जी माहिती जाहीर करावी लागते, तिला हा कायदा लागूच नाही, त्यामुळे माझं प्रकरण त्यात बसतं का यावर वकीलच डोकं खाजवतायत. मात्र याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम 8(1)(ञ) मध्ये जो बदल केला, ज्यामुळे अधिकाऱ्यांची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारणं सोपं झालं, तो लगेच लागू! साहेबांची फाईल त्याच दिवशी कुलपात, आमच्या घराचा नंबर पुढचे अठरा महिने चव्हाट्यावर. आणि खोडसाळ तक्रार केली तर नागरिकालाच दहा हजारांपर्यंत दंड, हेही विसरला नाहीत.

खटले उघड्यावर चालावेत हे मलाही मान्य आहे. न्यायमूर्तींनी काय विचार केला ते जगानं वाचावं. त्यासाठी माझा पत्ता कशाला? कोर्टं ऑनलाइन करायच्या ई-कोर्ट योजनेच्या तिसऱ्या टप्प्याला 7,210 कोटी मंजूर झाले. जिल्हा कोर्टांत चार की पाच कोटी खटले तुंबलेत, तुमचाच आकडा रोज हलतो. प्रत्येकात चार-पाच नावं धरा, होतील वीस कोटी माणसं, त्यातली कितीतरी माझ्यासारखी उगाच गोवलेली असतील. आमच्या इंदुरात कचरासुद्धा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकावा लागतो. तुम्हाला सुटलेला आणि अडकलेला एवढे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत?

बरं, गुन्ह्यानं अब्रू जाते म्हणावं तर तसंही नाही. 2024 ला लोकसभेवर निवडून आलेल्या 543 पैकी 251 जणांनी स्वतःच्या सहीनं आपल्यावर गुन्हे असल्याचं लिहून दिलंय. त्यांचे हार-तुरे चालू आहेत. त्यांच्या मुलांच्या लग्नात रस्ते बंद होतात. कुणी मामा स्क्रीनशॉट पाठवत नाही.

मागणी एवढीच: गुन्हा रद्द झालेल्या, निर्दोष सुटलेल्या आणि घरगुती खटल्यांच्या आदेशांत नावाऐवजी आद्याक्षरं टाका, पत्ता आणि आजारपण गाळा, आणि सरकारी साइटवर कॅप्चा आहे तसा खासगी साइटवर सर्च इंजिनला अटकाव करा. कोर्टं तुमच्या हाताखाली नाहीत, माहीत आहे. त्या साइट आहेत ना?

उत्तर पाठवणार असाल तर ‘आपली तक्रार संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आली आहे’ हे सोडून काहीही चालेल.

आपली,
अर्जदार क्रमांक 4
इंदूर