रुंद काठाची टोपी, पगडी आणि मतपेटी

महोदय,

मलेशियात जन्मलेले आणि १९८३ मध्ये कॅनडात स्थायिक झालेले बलतेज सिंग ढिल्लों यांना तिथल्या संघीय पोलीस दलात (आरसीएमपी) भरती होताना दलाची रुंद काठाची टोपी नाकारून पगडी बांधायची होती, एवढ्याच कारणावरून हजारो सह्यांची निवेदने निघाली आणि पगडीधारी शिपायाची टिंगल करणारे कोटावरचे बिल्लेही विकले गेले. अखेर मार्च १९९० मध्ये सरकारने नियम बदलला.

निवृत्तीनंतर २०२४ मध्ये ते ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक निवडणुकीत सरे शहरातून न्यू डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले आणि शहराच्या माजी महापौर लिंडा हेपनर यांच्याकडून पराभूत झाले. मोठी पंजाबी वस्ती असलेल्या या शहरातही केवळ नाव आणि पगडी पाहून मतांचे गठ्ठे पडले नाहीत, हे मला (हरलेल्या उमेदवाराविषयी पूर्ण आदर बाळगून) आश्वासक वाटते. मात्र पुढे काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्यांची संघीय सिनेटवर, म्हणजे कॅनडाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नेमणूक झाली. त्यांची योग्यता वादातीत असली, तरी मतदारांनी नुकतेच नाकारलेल्या उमेदवाराला मागच्या दाराने सभागृहात नेण्याची ही रीत आपल्याकडच्या विधान परिषदेची आठवण करून देते.

– एक वाचक, पुणे