सांवेर रोडवरच्या फिटर काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

रेस ट्रॅकवरच्या आमच्या निंजा 300 मोटारसायकलींची सेकंडरी एअरची नळीबिळी तुम्ही काढून दिलीत. आभार चारचौघांत मानतोय, कारण हे काम अर्धवट केलेल्या गाड्या बऱ्याच फिरतात आणि तुमची पद्धत त्यांच्याही मालकांना कळायला हवी.

ही यंत्रणा एअरबॉक्समधली गाळलेली हवा हेड कव्हरवरच्या रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेनं हवा सोडणाऱ्या झडपेतून) एक्झॉस्ट पोर्टमध्ये सोडते, म्हणजे उरलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथंच जळतात. रस्त्यावर ती हवीच. रस्त्याच्या गाडीला तुम्ही पाना लावत नाही, ते बरोबरच आहे. ट्रॅकवर मात्र ट्यूनिंग करताना ती घोळ घालते. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्ब्डा सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, मिश्रण आहे त्याहून लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं वाटतं आणि ट्यूनर उगाच पेट्रोल वाढवत बसतो. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात ते निराळंच. ताकद यानं वाढत नाही, हे तुम्ही गिऱ्हाइकाला काम घेण्याआधीच सांगता. असं सांगणारे कमी.

खरी करामत रीड व्हॉल्व्हची मूळ झाकणं काढून तिथली तोंडं बंद करणाऱ्या दोन पट्ट्यांची. 2 मिलिमीटरचा पत्रा बोल्टांच्या मधोमध उचलला जातो, गॅस फुसफुसतो आणि टॅपेटसारखी टिकटिक येते. मग लोक टॅपेट उघडून बसतात! तुम्ही 4 मिलिमीटर अॅल्युमिनियम घेतलंत, काचेवर पॉलिश पेपर ठेवून तोंड सपाट घासलंत आणि उष्णता सोसणारा सिलिकॉन अगदी पातळ लावलात. जाड थर दाबला की आत निघतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोल्टची लांबी. मूळ झाकण जाड, पट्टी पातळ; जुनाच एम-6 बोल्ट लावला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, हाताला घट्ट लागतो आणि पट्टी सैलच राहते. तुम्ही फरकाइतके आखूड बोल्ट घातलेत आणि साधारण 10 न्यूटन-मीटरवर थांबलात. त्यापुढे हेड कव्हरचे आटेच जायचे.

नळी काढल्यावर एअरबॉक्सचं उघडं राहिलेलं तोंड बहुतेक जण विसरतात. ते फिल्टरच्या पलीकडे असल्यानं माळव्याची काळी धूळ थेट इंजिनात जाते. तिथं तुम्ही बसवलीत सियागंज बाजारातली रबरी टोपी आणि वर क्लॅम्प. पेट्रोलची वाफ धरणारं कॅनिस्टर काढलेल्या गाडीत थ्रॉटल बॉडीची निपलही अशीच बंद करावी लागते, नाहीतर आयडल वर-खाली होतं. गळती शोधायला गरम एक्झॉस्टजवळ कार्ब क्लीनर न मारता तुम्ही पाण्याचा फवारा वापरता. आरपीएम बदलला की जागा सापडली.

ही हवा चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, म्हणजे सोलेनॉइड, तुम्ही प्लगसकट जागेवरच बांधून ठेवलात, म्हणून चेक लाइट लागत नाही. तो काढायचाच असेल तर आधी कॉइलचा रोध मोजावा. 20 ओहम निघाला तर 14 व्होल्टला 0.7 अँपिअर, म्हणजे जवळपास 10 वॅट. कॉइल जागेवरच आहे असं गाडीच्या कॉम्प्युटरला भासवायला तिच्याऐवजी पाव वॅटचा रेझिस्टर लावला तर तो धूर काढतो. 25 वॅटचा, धातूच्या अंगाचा, फ्रेमला कसून लावावा. एवढ्याशा वजनासाठी कोण करतो म्हणा!

एअरबॉक्स, क्रँककेसची ब्रीदर नळी आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर यांना तुम्ही हात लावू दिला नाहीत. एअरबॉक्स काढून त्याजागी सुटे पॉड फिल्टर लावायचा हट्ट धरणाऱ्यांना तुम्ही सुनावलंत तेही बरं झालं: एअरबॉक्सचं आकारमान मधल्या आरपीएमच्या ओढीसाठी बेतलेलं असतं, आणि पॉड इंजिनाशेजारची गरम हवा ओढतात.

इंदूरजवळचा पीथमपूरचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक मुख्यतः कंपन्यांच्या चाचण्यांसाठी, त्यामुळे आम्हाला गाड्या पिकअपमध्ये घालून चेन्नई नाहीतर कोइमतूर गाठावं लागतं. परतल्यावर टॅपेट तपासायला आणूच. तेव्हा पट्ट्यांच्या कडेला काजळीची रेघ दिसते का, तेवढं बघून द्या.

आपली,
इंदूरची ट्रॅकवाली मंडळी